जगाची उठाठेव

भिंगरीने कॉलेजात मुख्य विषय घेतला लेखाशास्त्र, तेव्हा घरात सगळ्यांनी माना डोलावल्या. लाँड्रीचा धंदा आहे, घरचंच कुणी शिकलेलं असलं तर बरं. पण मुख्य विषयाच्या जोडीला एक मायनर, म्हणजे दुय्यम विषयही घ्यावा लागतो म्हणे, आणि तो तिने घेतला ‘जागतिक विकास’. हे कानावर पडलं आणि आत्याबाईंनी हातातली चादर खाली ठेवली.

“कसला विकास?”

“जागतिक.”

“म्हणजे सगळ्या जगाचा?”

“हो आत्या.”

“जगाने तुला बोलावलंय का?”

भिंगरीचा बाप, म्हणजे आत्याबाईंचा धाकटा भाऊ, दारात उभ्या गाडीत कपड्यांची गाठोडी चढवत होता. त्याला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. बहिणीपुढे त्याचं सगळं आयुष्य असंच खोकण्यात गेलेलं.

भिंगरी मात्र आत्याच्याच हातची वाढलेली. आई गेली तेव्हा ती पाळण्यातून नुकतीच उतरली होती, आणि तिला भिंगरी हे नावही आत्यानेच ठेवलेलं, एका जागी बूड टेकत नाही म्हणून. ती म्हणाली, “नाही बोलावलं. आमच्या मॅडम पहिल्या दिवशी तेच म्हणाल्या. आपल्याला कुणी बोलावलेलं नाही, हे डोक्यात पक्कं ठेवून आत जायचं.”

“मग जायचंच कशाला?” असं म्हणून आत्याबाईंनी चादर उचलली आणि विषय संपला असं जाहीर केलं. संपला नव्हताच. या मायनरचे तास दुपारचे, आणि दुपारीच तर लाँड्रीत घड्यांचं काम अंगावर येतं. पोरगी घरी यायची तोवर बांधाबांध उरकलेली असायची. आत्याबाई रोज दारातच विचारायच्या, “काय, झाला का विकास? की उद्यावर ठेवलात?”

भिंगरी हसायची आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता वर्गातलं सांगत सुटायची. कुठल्या लोकांना कुणी मोठ्या मनाने नळ बांधून दिले, आणि त्या नळाला कुणी हातच लावेना. कुठे चुली वाटल्या, त्या कोंबड्यांची खुराडी झाल्या. आत्याबाई तोंड वाकडं करून ऐकायच्या, पण ऐकायच्या. “मेले कृतघ्न,” असा निकाल द्यायच्या. भिंगरी म्हणायची, “असं नसतं गं आत्या. देणाऱ्याला जे दिसत नाही, ते कुठेतरी असतं. ते शोधायचं, हाच तर अभ्यास.”

“नसती उठाठेव,” आत्याबाई म्हणायच्या आणि तिच्या ताटात आणखी वाढायच्या.

आता आत्याबाईंबद्दल सांगायचं, तर शाळेचं तोंड त्यांनी धड पाहिलं नव्हतं; पण कापडाला हात लावला की ते कुठल्या घरचं, कुणी नीट वापरलंय आणि कुणी तोंड पुसायला घेतलंय, हे सांगायच्या. नवरा गेल्यावर दीर-जावांनी हात वर केले, तेव्हा माहेरी येऊन एका इस्त्रीवर त्यांनी हा धंदा उभा केला. खोलीच्या मधोमध त्यांची केबिन. लाकडी चौकट, चारी बाजूंनी काचा. आत बसलं की कुणाचा हात थांबला, कुणाचं तोंड चाललंय, सगळं दिसायचं. बाहेरचं ऐकू मात्र काही यायचं नाही. ऐकण्याची गरज आत्याबाईंना कधी वाटली नव्हती. त्या बोलायच्या, बाकीच्यांनी ऐकायचं, अशी ती व्यवस्था होती आणि ती उत्तम चालली होती.

दुखणं एकच होतं. ते खोलीच्या टोकाला, पांढऱ्या कापडाखाली झाकून ठेवलेलं.

ते होतं चादरींना इस्त्री करायचं मोठं रोलरचं मशीन. समोरून दोघींनी ओली चादर सरकवायची, आतल्या तापल्या रोलरवरून ती फिरते, आणि मागच्या बाजूने दोघींनी कोरडी, कडक चादर धरून घ्यायची. आत्याबाईंनी ते हौसेने आणलं होतं. इस्त्री करून करून बायकांचे खांदे जातात, मनगटं भाजतात, हे त्यांनी स्वतः भोगलेलं. मशीन आलं त्या दिवशी सगळ्यांना जमवून त्यांनी बोलूनही दाखवलं की, बायांनो, जे माझ्या वाट्याला आलं ते तुमच्या वाट्याला येऊ नये. एवढं मऊ बोलून झालं, म्हणून लगेच दोघीतिघींवर खेकसूनही घेतलं.

आणि बायका मशीनला हात लावीनात. सांगितलं की चार चादरी काढायच्या, आत्याबाईंची पाठ वळली की परत आपापल्या इस्त्र्यांवर. विचारलं तर “सवय नाही हो”, “उष्मा फार होतो”, “आज राहू दे”. शेवटी “मेल्या कृतघ्न” म्हणत रागाने आत्याबाईंनी त्याच्यावर कापड टाकलं. त्या त्याला उंट म्हणायच्या. दारात बसलेला, खायला-प्यायला घालून न उठणारा उंट.

त्यातून थोरलीचं वागणं त्यांना जास्त खुपायचं. थोरली म्हणजे लाँड्रीतली सगळ्यात जुनी बाई, आत्याबाईंच्या पहिल्या इस्त्रीच्या वेळेपासूनची. तिच्यासारखी घडी कुणाची नाही. पण हल्ली तिला शिंगं फुटली होती. केबिनच्या दारातून हाक मारली तर वळून बघायची नाही. जवळ जाऊन बोललं तर कधी उत्तर, कधी नुसती मान. आत्याबाई मनात म्हणायच्या, म्हातारपणी ही मला माज दाखवते! पण इतक्या वर्षांचं माणूस, तोंडावर कसं बोलणार? हे एकच माणूस होतं, ज्याच्याशी बोलायला आत्याबाई कचरायच्या.

मग मोठ्या हॉस्पिटलचा माणूस आला. तिथल्या सगळ्या चादरी बाहेर द्यायच्या होत्या, कायमचं काम. खोलीभर फिरून तो म्हणाला, “घडी सुरेख आहे तुमची. पण एवढ्या चादरी हाताने व्हायच्या नाहीत. मशीन आहे ना?” आणि त्याने कापडाचं टोक उचललं. खाली धूळ. आत्याबाईंच्या कानशिलांतून वाफ निघायची बाकी राहिली. “पुढच्या महिन्यात परत येतो,” तो म्हणाला. “चालू दिसलं तर काम तुमचं. नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल.”

तो गेला आणि पाठोपाठ भिंगरी कॉलेजातून आली. सगळं तिच्यावर फुटलं.

“जगाचं राहू दे! लांबच्या लोकांचे नळ नि चुली शोधतेस, आधी माझ्या दारातला हा उंट उठवून दाखव!”

भिंगरीने दप्तर खाली ठेवलं. “उठवते. पण माझ्या पद्धतीने. मधे बोलायचं नाही.”

“आणि नाही उठला तर?”

“तर हा विषय सोडते. दुसरा कुठलाही सोपासा मायनर घेते आणि दुपारी इथे येऊन बसते.”

“आणि उठला तर?”

“तर पुन्हा उठाठेव म्हणायचं नाही.”

भावाला खोकला आला. आत्याबाई म्हणाल्या, “ठरलं.” ठरलं खरं, पण पोरीच्या तोंडावरचा रंग जरा उतरलेला त्यांनी पाहिला. हा विषय तिला किती प्यारा आहे, हे तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. पण दिलेला शब्द मागे घेणं आत्याबाईंना येत नव्हतं, आणि भाचीलाही येत नव्हतं. कुणाच्या वळणावर गेली ते सांगायला नको.

आत्याबाईंना वाटलं, आता पोरगी सगळ्यांना गोलात बसवेल, प्रश्न विचारेल, कागद रंगवेल. तिने यातलं काही केलं नाही. कॉलेजातून वेळ मिळेल तेव्हा कंबरेला फडकं बांधून घड्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहू लागली. बायकांबरोबर चादरी झटकल्या, इस्त्री फिरवली, हात भाजून घेतला, शिव्या खाल्ल्या.

“कोपरा कुठाय तुझा? हा काय कोपरा? उशीचा अभ्रा आहे का तो?” असं ओरडायची ती रेडिओ. ही थोरलीची जोडीदारीण. सकाळी सुरू झाली की दिवे लागेपर्यंत बंद व्हायची नाही, म्हणून हे नाव. घडी दोघींची असते. समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन कोपरे धरायचे, पुढे यायचं, कोपरे जुळवायचे, मागे जायचं. जोड जमलेली असेल तर बघत राहावं असं काम. थोरली आणि रेडिओची जोड तशी होती. चादर त्यांच्या हातात पाण्यासारखी वाहायची.

आत्याबाई काचेआडून बघत होत्या. मधे बोलायचं नाही असं ठरलेलं, म्हणून जीभ दाताखाली धरून. शेवटी राहवेना. जेवताना म्हणाल्या, “अगं, विचार तरी त्यांना काहीतरी!”

“काय विचारायचं तेच अजून कळलं नाही.”

“मशीन का चालवत नाही, हे विचार!”

“ते तू विचारलंस ना इतक्या वेळा? काय उत्तर मिळालं?”

आत्याबाईंनी आमटीत मीठ कमी आहे असं सांगितलं. भाऊ म्हणाला, “मला तर बरोबर वाटतंय.” तेवढ्यावर त्याला दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भीती दाखवण्यात आली.

“मॅडम सांगतात,” भिंगरी म्हणाली, “कुणाला मदत करायची तर आधी त्याच्याबरोबर त्याचं काम करा. हाताला कळलं की तोंडाला प्रश्न सुचतात.”

“मॅडमना पगार मिळतो का याचा?” आत्याबाई म्हणाल्या. पण त्या दिवशी संध्याकाळी बायका गेल्यावर त्यांनी भिंगरीने घातलेल्या घड्या उचलून उजेडात धरल्या. कोपऱ्याला कोपरा. पोरीचा हात बसला होता. कुणी बघत नाहीसं पाहून आत्याबाईंनी त्या घड्यांवरून हात फिरवला आणि गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवल्या.

मग एकदा कॉलेजला सुट्टी होती आणि रेडिओ रजेवर होती, तेव्हा भिंगरी थोरलीसमोर उभी राहिली. सबंध दिवस दोघींनी घड्या घातल्या. आत्याबाईंना काचेतून एवढंच दिसलं, की दुपारी पोरगी एकदम थांबली, थोरलीकडे बघत राहिली, आणि थोरलीने मान खाली घातली. मग दोघी टेबलाला टेकून बराच वेळ उभ्या होत्या. थोरली बोलत होती, भिंगरी ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी भिंगरी केबिनमध्ये आली आणि तिने दार लावून घेतलं.

“कळलं, आत्या.”

“सुटले! सांग.”

“सांगता येणार नाही.”

“म्हणजे?”

“मला विश्वासाने सांगितलंय. ज्याची गोष्ट आहे, त्याने सांगितली तरच. मी नाही.”

आत्याबाईंनी हातातला पेला टेबलावर आपटला. “माझ्या लाँड्रीत, माझ्या बायका, माझं मशीन, आणि मलाच चोरी? मी तुला न्हाऊ घातलं, भरवलं, तुझ्या वेण्या घातल्या! ती कोण कुठली मॅडम, तिच्या नियमापुढे मी परकी?”

“परकी नाहीस. म्हणून तर तुझ्याशी खोटं बोलत नाहीये. नाहीतर म्हटलं असतं, उष्मा होतो.”

“शर्त हरशील.”

“हो.”

“विषय जाईल तुझा.”

“माहीत आहे.” तिचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ. “उद्या कॉलेजात सांगते, सोडते म्हणून.” आणि दार हळूच ओढून ती पुन्हा टेबलाशी गेली.

आत्याबाईंनी रागाने टेबलावरचा पाण्याचा पेला इकडून तिकडे केला, तिकडून इकडे केला. राग होताच. पण रागाच्या खाली काहीतरी भलतंच हलत होतं. या खोलीत त्यांच्यापुढे कुणाची जीभ टिकली नव्हती. भावाची नाही, बायकांची नाही, गिऱ्हाइकांचीही नाही. आणि ही कालची पोर, जिवापाड आवडणारी गोष्ट हातातून जाऊ देत होती, एका इस्त्रीवालीने विश्वासाने सांगितलेल्या दोन वाक्यांसाठी. असं कॉलेजात शिकवतात? आत्याबाईंना वाटायचं तिथे फक्त पोपटपंची शिकवतात. भाऊ बिलांचे गठ्ठे घेऊन आला, तर त्या उगाचच त्याला म्हणाल्या, “तुझ्यावर गेली नाहीये, एवढं बरं झालं.”

सकाळी भिंगरी दप्तर घेऊन निघाली. रोज उड्या मारत जाणारी पोर आज पाय ओढत चालली होती. आत्याबाई केबिनच्या काचेशी उभ्या राहून तिला फाटकाकडे जाताना बघत होत्या. मागे दार वाजलं. थोरली आत आली होती, तिच्या पाठीशी रेडिओ.

“पोरीला थांबवा,” थोरली म्हणाली.

“ठरलेलं ठरलं,” आत्याबाई फाटकावरची नजर न काढता म्हणाल्या. “तिने शब्द दिला होता. आणि तुम्ही बायका मला काही सांगणार नाही, मग मी काय करू?”

थोरली गप्प.

“आता का गप्प? एरवीही हाक मारली तर बघत नाहीस. माझं काही चुकलं असेल तर बोलून टाक ना, एवढ्या वर्षांनी कसला हा रुसवा?”

थोरली गप्पच. मग रेडिओ पुढे आली, आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली. “आत्याबाई, तोंड इकडे करून बोला. तिला पाठीमागून ऐकू येत नाही. पुढून पण येत नाही. ओठ बघते ती.”

आत्याबाई वळल्या.

“कधीपासून?”

“हळूहळू गेलं,” थोरली म्हणाली. “आता काहीच नाही. काल काचेआड पोरगी विषय सोडते म्हणाली, ते मी ओठांवरूनच वाचलं. तुम्ही रागावता तेवढं कळतं, भुवयांवरून.”

“मग सांगायला काय झालं होतं?”

थोरलीने पलीकडच्या धुण्या-पिळण्याच्या खोलीच्या दाराकडे बोट केलं. तेवढं पुरे होतं. फार मागे एकदा तिथल्या कपडे पिळायच्या मशीनजवळ एका बाईने मागून आलेली हाक ऐकली नाही, आणि तिचा हात जायचा वाचला. तेव्हा आत्याबाईंनीच गरजून सांगितलं होतं, की ज्याला हाक ऐकू येत नाही त्याने इथे पाऊल ठेवायचं नाही, मग तो माझा सख्खा का असेना.

“मी गेले असते तर कुठे गेले असते?” थोरली म्हणाली. “म्हणून ह्या बायांनी सांभाळून घेतलं. घडीला काही लागत नाही. समोर तोंड दिसतं. थांब म्हणायचं तर चादरीला एक झटका द्यायचा, मला हाताला कळतं. पण त्या उंटाच्या पुढे दोघी, मागे दोघी, मधे लोखंडाची भिंत. कुणी थांब म्हणून ओरडलं तर मला कसं कळणार? माझा हात जाईल, नाहीतर माझ्यामुळे दुसरीचा.”

“आणि तिला सोडून आम्ही मशीनवर गेलो,” रेडिओ म्हणाली, “तर एकटी तीच इस्त्रीला उरली असती. मग तुम्हाला कळलंच असतं. म्हणून कुणीच गेलो नाही.”

खोलीतल्या सगळ्या इस्त्र्या थांबल्या होत्या. बायका काचेकडे बघत होत्या. आत्याबाईंनी एकेकीचं तोंड पाहिलं. एवढ्या बोलक्या बायका, एवढे दिवस, आणि एकीच्याही तोंडून निसटलं नाही. खांदे दुखवून घेतले, शिव्या खाल्ल्या, कृतघ्न म्हणवून घेतलं. आणि आपण काचेआड बसून सगळं दिसतं म्हणत होतो.

त्या पटकन दाराकडे गेल्या आणि भावावर ओरडल्या, “बघत काय उभा राहिलास? गाडी काढ! पोरीला आण परत! कॉलेजात पोचायच्या आत!”

भाऊ खोकला नाही. धावत सुटला.

मग थोरलीला केबिनबाहेर बायकांमधे आणून आत्याबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या. तोंड उजेडाकडे केलं. “कळतंय का मी बोलते ते?”

“कळतंय. जरा सावकाश. तुमची जीभ फार धावते.”

रेडिओला हसू आवरेना. आत्याबाईंनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. “मग मशीन चालवायचं, आणि तूही इथेच राहायचं, तर काय करायला हवं?”

हा प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला विचारला असेल. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. उत्तर त्यांच्याकडे कधीचं तयार होतं, हे त्यांच्या बघण्यावरूनच कळलं, पण बोलायला कुणी धजेना.

“आता बोला की! एरवी तोंडं मिटत नाहीत!”

थोरलीच बोलली. “मशीन भिंतीजवळून काढून खोलीच्या मधे आडवं ठेवायचं. त्याच्या बाजूला घड्यांचं टेबल. मी टेबलाच्या टोकाला उभी राहीन. तिथून पुढच्या बायकांची तोंडं पण दिसतील, मागच्यांची पण. मशीनला हात लावणार नाही, चादर बाहेर आली की घडी माझी. आणि बंद करायच्या दांड्याला एक लाल दिवा जोडून घ्यायचा. थांबलं की लागेल. मला दिसेल.”

“मग अडलंय कुठे? ठेवा मधे.”

कुणी हलेना. रेडिओ छताकडे बघू लागली.

“मधे,” थोरली सावकाश म्हणाली, “तुमची केबिन आहे.”

आत्याबाईंनी आपल्या केबिनकडे पाहिलं. काचा त्यांनी स्वतः रोज पुसलेल्या. धंद्यात पहिल्यांदा बरे दिवस आले, तेव्हा सगळ्यात आधी करून घेतलेली. माहेरी परत आलेल्या बाईला बसायला स्वतःची जागा असावी म्हणून.

बाहेर गाडीचा आवाज आला. भिंगरी दारातून धापा टाकत आत शिरली. दप्तर खांद्यावरच. “काय झालं? बाबा काही सांगतच नाहीत, नुसते गाडी पळवतात!”

“काही नाही,” आत्याबाई म्हणाल्या. “ते फडकं बांध कंबरेला. काचा उतरवायच्यात. सांभाळून, एकही फुटली तर तुझ्या मॅडमकडून भरून घेईन.”

भिंगरीने थोरलीकडे पाहिलं, थोरलीने मान हलवली. मग पोरीने दप्तर टाकलं आणि आत्याच्या गळ्यातच पडली.

“पुरे, पुरे. घामाने ओली आहेस.” पण आत्याबाईंनी तिला दूर केलं नाही.

हॉस्पिटलचा माणूस परत आला, तेव्हा खोलीच्या मधोमध उंट गुरगुरत होता, चादरी एकामागून एक बाहेर पडत होत्या, आणि टेबलाच्या टोकाशी थोरलीच्या हातांखाली त्यांच्या घड्या होत होत्या. आत्याबाई एका साध्या स्टुलावर टेबलाशीच बसल्या होत्या. “जागा बदललीत की,” तो म्हणाला. “डोकं चालवलंय कुणीतरी.”

“आमची भाची,” आत्याबाई म्हणाल्या. “जागतिक विकास शिकते ना ती. कॉलेजात त्याला मायनर म्हणतात. म्हणू देत, त्यांना काय कळतंय? तुमच्याकडेही कापडाखाली झाकून ठेवलेलं काही असेल तर सांगा, तिला पाठवते. पण तिथे जाऊन ती आधी तुमच्या चादरी बदलेल हां. लगेच प्रश्न विचारणार नाही, आणि कुणी विश्वासाने सांगितलेलं तुम्हाला येऊन सांगणारही नाही. तशी तिची पद्धत आहे.”

मागे भाऊ खोकला. भिंगरी घरी नव्हती, तिचा दुपारचा तास चालू होता.

इतक्यात एका घडीचा कोपरा आत्याबाईंना वाकडा वाटला. “थोरले, अगं तो कोपरा बघ!” त्या सवयीने जागेवरूनच ओरडल्या. मग आठवलं. स्टुलावरून उठल्या, कंबरेवर हात ठेवून टेबलाला वळसा घालून गेल्या, थोरलीच्या समोर उभ्या राहिल्या, आणि चादरीला एक झटका दिला.

थोरलीने वर पाहिलं. “बोला,” ती म्हणाली.

आत्याबाईंनी चादर हातात घेऊन जवळून पाहिली. कोपरा सरळ होता.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “धर ते टोक. एक मला घालू दे.”